मंगळावर नुसती वाळूच दिसते, मग पाणी होतं हे कशावरून?

खानापूरच्या एका बीएस्सी करणाऱ्या पोरानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: व्हॉट्सॲपवर मंगळाचे फोटो येतात, सगळीकडं वाळू, वाळूवर लाटांसारख्या रेषा, आणि खाली लिहिलेलं असतं "मंगळावर पाण्याचे पुरावे सापडले". तर या रेषा पाण्यानं झाल्यात का, आणि नसतील तर पाणी होतं हे शास्त्रज्ञ सांगतात कशाच्या जोरावर, वारा पण तेच करू शकतो की.

बरोबर जागी बोट ठेवलंयस. मी सेडिमेंटॉलॉजीवाला, म्हणजे वाळू, चिखल, गोटे यांचे दगड बघून ते कसे साचले असतील ते सांगायचं काम. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या पट्ट्यातले खडक बघण्यात बरीच वर्षं गेली आणि मंगळावरचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचायचा नाद आहे, त्यामुळं उत्तर लांबणार.

आधी त्या रेषांचं. त्या वाऱ्याच्याच आहेत. मंगळावर आज जी मोकळी वाळू पडलीय तिचा आजच्या पाण्याशी काही संबंध नाही. तिथली हवा इतकी पातळ की दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, पण तेवढ्या हवेतसुद्धा वारा वाळू हलवतो, गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के आहे त्याचीही मदत होते. नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर, म्हणजे मंगळावर फिरणारी यंत्रगाडी, २०१५ च्या शेवटी बॅगनोल्ड नावाच्या टेकड्यांजवळ गेला, पृथ्वीबाहेर चालत्या वाळूच्या टेकड्या इतक्या जवळून बघायची ती पहिलीच वेळ, आणि त्यातल्या काही वर्षाला मीटरभर सरकतात असं वरून काढलेल्या फोटोंतून कळलेलं होतंच. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर २००५ मध्ये अशाच एका वाळूच्या वरंब्यात रुतला, बाहेर काढायला पाचेक आठवडे लागले. स्पिरिट तर २००९ मध्ये मऊ मातीत बसला तो बसलाच, परत निघाला नाही.

म्हणजे वाळूचं मैदान हा पाण्याचा पुरावा नाहीच, उलट खरे पुरावे त्या वाळूखाली झाकले जातात म्हणून मंगळाचे भूशास्त्रज्ञ वाळूवर वैतागलेले असतात.

आणि ही वाळू आहे तरी कसली? आपण वाळू म्हटलं की नदीची, पांढरट, क्वार्ट्झची डोळ्यापुढं येते. मंगळावर क्वार्ट्झ जवळजवळ नाही. तिथला दगड बहुतेक बेसाल्ट, म्हणजे निपाणी-चिकोडीकडं काळ्या रानाखाली जो काळा दगड लागतो त्याच जातीचा, आणि त्याची वाळू काळपट. नदीचा उपसा बंद झाल्यापासून बेळगावात घर बांधताना जी एम सँड टाकतात ना, क्रशरवर काळा दगड फोडून केलेली, खनिजांच्या हिशोबानं मंगळाची वाळू तिच्या जवळची, फक्त क्रशरचे दाणे टोकदार आणि मंगळाचे वाऱ्यात घासून घासून गोल झालेले.

त्या वाळूत ऑलिव्हीन नावाचं हिरवट खनिज भरपूर आहे, आणि ऑलिव्हीनला पाणी सोसत नाही. आपल्या बेसाल्टात ऑलिव्हीन सापडला तरी बऱ्याचदा तो तांबूस पडलेला, बदललेला असतो, कारण आपल्याकडं पाऊस आहे. मंगळाच्या टेकड्यांत तो ताजा पडून आहे. त्यामुळं ती वाळू दाणे सुटे झाल्यापासून बहुतांशी कोरडीच राहिलीय असं म्हणता येतं. म्हणजे फोटोतली वाळू पाण्याबद्दल काही बोलत असेल तर ती "नव्हतं" असं बोलतेय, निदान अलीकडच्या काळाबद्दल तरी.

मग पाणी कुठं शोधायचं? माझा नियम सोपा आहे, कुठलीही खूण समोर आली की आधी विचारायचं, हे वारा करू शकतो का, लाव्हा करू शकतो का, नुसता उतारावरून घसरलेला माल करू शकतो का. तिन्हीला नाही उत्तर आलं तरच पाण्याकडं जायचं. या चाळणीतून जे राहतं ते थोडं असतं पण पक्कं असतं.

सगळ्यात पक्कं म्हणजे गोटे. क्युरिऑसिटी ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरला, विवर म्हणजे उल्का आदळून झालेला खड्डा, आणि हा लहानसहान नाही, १५४ किलोमीटर व्यासाचा, आणि उतरल्यावर काही आठवड्यांतच त्याला गोट्यांचे थर दिसले, सिमेंटमध्ये खडी बसवावी तसा घट्ट झालेला दगड, काँग्लोमरेट. त्यातले गोटे २ ते ४० मिलिमीटरचे आणि गोल घासलेले. आता चाळणी लावा. मंगळाचा वारा वाळू उडवेल, पण ४ सेंटिमीटरचा गोटा उचलून आदळत-आपटत लांबवर नेऊन गोल करणं त्या पातळ हवेला जमणारच नाही. लाव्हा गोटे घासत नाही. दरड कोसळली तर दगड टोकदार राहतात, लहानमोठे सगळे एकत्र कालवलेले. राहिलं वाहतं पाणी. गोट्यांच्या मापावरून हिशेब करून २०१३ च्या पेपरात दिलंय की पाण्याची खोली ३ ते ९० सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला २० ते ७५ सेंटिमीटर असावा. म्हणजे मोठा महापूर वगैरे काही नाही, पाय टाकून पलीकडं जाता येईल असा प्रवाह. मला तर हा निकाल वाचून फार बरं वाटलं होतं कारण यात कसलीही जादूची मशीन नाही, फोटो, पट्टी आणि नदीत गोटा कसा हलतो याचं गणित, बस्स.

असाच दगड आपल्याकडं आहे, बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आपला बेळगाव जिल्हा दख्खनच्या बेसाल्टच्या दक्षिण काठावर आहे, आणि बेसाल्ट संपतो तिथं त्याच्या खालचे कलादगी खोऱ्याचे जुने दगड उघडे पडतात, गोकाकचा धबधबा त्याच गाळाच्या कडक दगडावरून उडी मारतो. कलादगीच्या तळाजवळ सालगुंडी काँग्लोमरेट म्हणून नोंदलेला गोट्यांचा थर आहे. हे दगड साचले तेव्हा जमिनीवर एक झाडसुद्धा नव्हतं, मुळं नाहीत, गवत नाही, उघड्या जमिनीवरून पाणी वाहतंय, त्यामुळं मंगळाच्या जुन्या नद्या समजून घ्यायला आजच्या हिरव्यागार कणकुंबीतल्या मलप्रभेपेक्षा हे दगड जास्त कामाचे.

दुसरी पक्की खूण रिपल्स, म्हणजे तुझ्या प्रश्नातल्याच त्या रेषा, पण दगडात गोठलेल्या. इथं लोकांची गल्लत होते म्हणून नीट सांगतो. एकाच दिशेनं काही वाहत असेल, वारा असो की पाणी, तर रिपलची एक बाजू सपाट उताराची आणि दुसरी खडी होते. पण तळ्याच्या काठाला उथळ पाण्यात लाट पुढं-मागं हलते तेव्हा दोन्ही बाजूंचा उतार सारखा आणि वरचा कणा धारदार होतो. वाऱ्याला पुढं-मागं असं दर दोन-चार सेकंदांनी करता येत नाही, त्यामुळं सारख्या उताराचे छोटे रिपल्स दिसले की ते लाटांचे. शिवाय दोन कण्यांमधलं अंतर भागिले उंची असा एक आकडा काढतात, वाऱ्याच्या रिपल्समध्ये तो बहुतेक १५ च्या वर जातो, लाटांच्या रिपल्समध्ये खाली राहतो. क्युरिऑसिटीला गेल विवरातल्या माउंट शार्प डोंगरावर असे लाटांचे रिपल्स मिळाले, २०२५ च्या पेपरात आकडे आहेत, उंची साधारण ६ मिलिमीटर आणि अंतर ४ ते ५ सेंटिमीटर. भागून बघ, सात-आठ येतं. त्यावरून पाणी २ मीटरपेक्षा उथळ असावं असं त्यांनी काढलंय, काळ साधारण ३७० कोटी वर्षांपूर्वीचा. आणि यातली खरी बातमी वेगळीच आहे. लाट उठायची तर पाण्याचा पृष्ठभाग हवेला उघडा पाहिजे. "मंगळ कायम थंडच होता, तळी होती ती बर्फाखाली होती" असं म्हणणारा एक मोठा गट आहे, त्यांना निदान या जागेपुरतं हे रिपल्स अडचणीचे आहेत. ६ मिलिमीटर उंचीच्या खुणेनं हवामानाच्या मॉडेलला अडवायचं, मला आमच्या विषयात हेच आवडतं.

तिसरं, चिखल. विवराच्या तळाला यलोनाइफ बे नावाच्या जागी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीनं ड्रिल मारलं, निघालेल्या भुकटीत सुमारे २० टक्के चिकणमातीची खनिजं. चिकणमाती तयार व्हायला दगड पाण्यात बराच काळ पाहिजे, आणि तिथल्या मातीवरून पाणी फार आंबट किंवा फार खारट नव्हतं असंही कळलं. माउंट शार्पच्या खालच्या भागात अशा बारीक चिखलाच्या दगडाचे शेकडो मीटर जाडीचे थर आहेत, कागदाच्या गठ्ठ्यासारखे पातळ पातळ. संथ पाण्यात बारीक गाळ खाली बसत जातो तेव्हा असं होतं. त्याच थरांत सुकल्याच्या भेगा पण आहेत. भेगांचा सांधा कसा जुळतो ते बघायचं असतं, एकदाच वाळलेल्या चिखलात भेगा टी अक्षरासारख्या भेटतात, पुन्हा पुन्हा भिजून वाळल्या तर त्या हळूहळू वाय अक्षरासारख्या होतात आणि षटकोनी नक्षी उमटते. २०२३ मध्ये अशी षटकोनी नक्षी असलेल्या जागेबद्दल पेपर आला. म्हणजे तिथं पाणी एकदा येऊन कायमचं गेलं नाही, ते येत-जात राहिलं.

आता गंमत बघ. याच चिखलाच्या थरांवर, मध्ये बरीच झीज होऊन गेल्यावर, स्टिमसन नावाचा वालुकाश्म बसलाय आणि तो मात्र वाऱ्याच्या टेकड्यांचा, मोठमोठे तिरपे थर असलेला. एकाच विवरात खाली तळं, वर वाळवंट, आणि आज माउंट शार्पच्या पायथ्याशी परत वाळवंट. तिरपे थर तू बदामीच्या लेण्यांच्या भिंतीवर बघितले असशील, लोक मूर्तींचे फोटो काढतात आणि मागच्या दगडाकडं कोणी बघत नाही. तिरपे थर दिसले म्हणजे वाराच असं पण नाही आणि पाणीच असं पण नाही, थराची जाडी, दाण्यांचं माप, सोबतचे थर सगळं बघून ठरवावं लागतं. इथं घाई केली की फसलं.

वारा आणि पाणी एकत्र बघायचं असेल तर मेरिडियानी. नाव प्लॅनम, म्हणजे मैदान, आणि खरंच सपाट वाळूचं मैदान आहे. तिथं ऑपॉर्च्युनिटी जानेवारी २००४ मध्ये उतरला. ती जागा का निवडली? कारण मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाला वरून तिथं हेमॅटाइट दिसलं होतं, लोहाचं खनिज, जे बऱ्याचदा पाण्यात होतं, पण पाण्याशिवायही होऊ शकतं, म्हणून खाली उतरून बघणं भाग होतं. उतरला तो नेमका २२ मीटरच्या एका छोट्या विवरात जाऊन पडला आणि समोरच थरांचा दगड उघडा. त्या दगडात काही मिलिमीटरच्या गोळ्या, हेमॅटाइटच्या, त्यांना ब्लूबेरी नाव पडलं. निळ्या नाहीत हां, करड्या आहेत, फोटोचे रंग वाढवले म्हणून निळ्या दिसतात. लाव्ह्याचे थेंब उडून पडले असते तर गोळ्या ठरावीक थरांतच जमल्या असत्या, इथं त्या दगडभर विखुरलेल्या आणि काही ठिकाणी दगडाचे थर जसेच्या तसे त्यांच्यातून गेलेले. म्हणजे दगड आधी साचला, मग त्यात भूजल मुरलं, आणि त्या पाण्यातून लोह जमून गोळ्या झाल्या. मऊ दगड वाऱ्यानं झिजला, कठीण गोळ्या मागं राहिल्या, म्हणून मैदानभर त्यांचा सडा. त्याच दगडात जारोसाइट, लोह आणि गंधकाचं खनिज, पण मिळालं, ते आंबट पाण्याशिवाय होत नाही. आपल्या देशात कच्छमध्ये माता-नो-मढजवळ जारोसाइट आहे, म्हणून मंगळावर काम करणारे आपले लोक तिकडं जातात.

पण मेरिडियानीचं पूर्ण चित्र काय निघालं? बहुतेक वाळू वाऱ्यानंच आणून टाकलेली, अधूनमधून भूजलाची पातळी वर येऊन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी उथळ पाणी साचायचं, मग परत सुकायचं. वर्तमानपत्रांत "मंगळावर खारा समुद्र" अशा बातम्या आल्या होत्या त्यापेक्षा हे बरंच साधं आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या ऑलिंपिया उंडेच्या टेकड्यांचं पण तसंच, मार्स एक्सप्रेस यानाला २००५ मध्ये तिथं जिप्सम दिसलं, जिप्सम पाण्याशिवाय होत नाही, पण टेकड्या आहेत वाऱ्याच्याच. पाण्यानं बनवलेलं खनिज वाऱ्यानं वाहून नेलं. त्यामुळं "ही खूण कुणाची" या प्रश्नाचं उत्तर दाण्यासाठी एक, टेकडीसाठी दुसरं असं पण येऊ शकतं.

जेझेरो विवराचं थोडक्यात, कारण त्यावर मराठीत बरंच लिहून झालंय. पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला तिथं उतरला कारण वरून डेल्टा दिसत होता, नदी तळ्याला मिळते तिथला गाळाचा पंखा. कोडिअॅक नावाच्या एका सुट्या टेकडीच्या कापात वर आडवे, मध्ये तिरपे, खाली परत आडवे असे डेल्टाचे थर स्वच्छ दिसले, त्यानं ते पक्कं झालं. पण विवराचा तळ, जिथं तळ्याचा गाळ मिळेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं, तो अग्निजन्य दगडाचा निघाला. वरून बघून सगळं कळत नाही, खाली उतरून दगड बघायलाच लागतो, आम्ही पोरांना फील्डवर नेतो ते काय उगीच नाही.

जिथं पाण्याचा दावा टिकला नाही ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर तुला वाटेल आम्हाला सगळीकडं पाणीच दिसतं. २०११ पासून काही उतारांवर दर उन्हाळ्यात वाढत जाणाऱ्या काळ्या रेघा दिसायला लागल्या, २०१५ मध्ये तिथं ओलावा धरणारे क्षार आहेत असं आलं आणि "मंगळावर आजही पाणी वाहतं" अशा बातम्या जगभर झाल्या. मग २०१७ मध्ये उतार मोजले तर त्या रेघा कोरडी वाळू जेवढ्या उतारावर थांबते तिथंच थांबत होत्या. पाणी असतं तर ते सपाटीवर पण पसरलं असतं. आता त्यातल्या बहुतेक रेघा कोरड्या वाळूच्या घसरणीच्या समजल्या जातात. तुझ्या त्या फॉरवर्डमध्ये ही जुनी बातमी अजून फिरत असते, बघ.

लाल रंगाचा पण पुरावा म्हणून वापर करू नये. आपली खानापूरकडची तांबडी माती आणि जांभा पावसानं झालेत हे खरं, लाखो वर्षं पाणी झिरपून बाकीचं वाहून गेलं आणि लोह मागं राहिलं. मंगळाची लाली म्हणजे बारीक धुळीतलं गंजलेलं लोह, ते नेमकं कुठलं खनिज आणि त्याला किती पाणी लागलं यावर अजून भांडण चालू आहे. त्यात आपण पडायचं कारण नाही, गोटे आणि रिपल्स हातात असताना रंगावर कशाला विसंबायचं.

मग पाणी गेलं कुठं? मंगळ लहान, आतून लवकर थंड झाला, चुंबकीय क्षेत्र गेलं, आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांनी हवा हळूहळू खरवडून नेली. मेव्हन यान हेच मोजायला गेलं, ते सप्टेंबर २०१४ मध्ये पोचलं, आपल्या मंगळयानाच्या दोनतीन दिवस आधी. काही पाणी अवकाशात गेलं, काही खनिजांत अडकलं, काही बर्फ होऊन राहिलंय, फिनिक्स यानानं २००८ मध्ये उत्तरेकडं माती खरवडली तर खाली पांढरा बर्फ निघाला आणि चारेक दिवसांत त्याचे तुकडे उडून गेले, वितळले नाहीत, सरळ वाफ. इतक्या कमी दाबात उघड्यावर पाणी टिकणारच नाही.

शेवटी तू विचारलंयस की हे घरी बसून शिकता येतं का. येतं. रोव्हरचे कच्चे फोटो नासा सगळ्यांना फुकट बघायला देते, क्युरिऑसिटीचा हाताच्या टोकावरचा मॅहली कॅमेरा आहे, त्याचे जवळून काढलेले फोटो आधी बघ, त्यात दाणा न् दाणा दिसतो. फोटो उघडला की पहिलं काम माप शोधणं, मापाशिवाय ३ मीटरचा रिपल आणि ३ सेंटिमीटरचा रिपल सारखाच दिसतो, आणि मंगळावर ३ मीटर अंतराचे वाऱ्याचे रिपल्स खरंच आहेत, पृथ्वीवरच्या वाळवंटात तेवढ्या बारीक वाळूत तसे होत नाहीत, त्यामुळं अनुभवी माणूस पण चकतो. मग एखाद्या रविवारी सौंदत्तीकडं जा, तिथल्या क्वार्ट्झाइटमध्ये, म्हणजे वाळूचा दगड आणखी घट्ट होऊन झालेल्या दगडात, रिपल मार्क्स आहेत, मोजपट्टी आणि वही घेऊन जा. दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का ते आधी लिही, मग पाचसहा ठिकाणी अंतर आणि उंची मोज, कणा झिजलेला असेल तिथं मोजू नको कारण उंची खोटी कमी येते आणि आकडा फुगतो. भागाकार काढून मला पाठव, पावसाळ्याआधी जाशील तर दगड कोरडे मिळतील.